आयलीच्या खांद्याला बसेल अशी

माझा भाऊ डॅरिल गेला त्याला दोन हिवाळे उलटले होते, तेव्हा त्याच्या लेकीनं, आयलीनं, विचारलं, "मग माझी रायफल कधी घ्यायची?"

शनिवार होता. बाबांकडे सॉना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवला होता आणि आम्ही तिघी ओल्या केसांनी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मी, माझी वहिनी जोलीन आणि आयली. बाबा कॉफी ओतत होते. त्यांचा हात थांबला, पण कप काही भरायचा थांबला नाही, कॉफी बशीत सांडली. जोलीननं फडकं घेतलं आणि टेबल पुसत म्हणाली, "बघू."

आईच्या तोंडचं "बघू" म्हणजे काय, ते पोरांना बरोबर कळतं. पण आयली गप्प बसणाऱ्यातली नाही.

"माझे बाबा म्हणाले होते, तेराव्या वर्षी. मी ऑगस्टमध्ये तेरा पूर्ण केली."

"बघू म्हटलं ना."

डॅरिल आजारानं गेला, असं आम्ही बाहेर सांगतो. ते खोटंही नाही. आजार मनाचा होता, पाच-सहा वर्षं चाललेला, गोळ्या घेतल्या की उतरायचा आणि परत चढायचा. शेवट त्यानं स्वतःच्या बंदुकीनं केला. त्याच दिवशी जोलीननं घरातल्या उरलेल्या बंदुका, काडतुसं, त्यांचं लोखंडी कपाटसुद्धा शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या माणसाला उचलून न्यायला लावलं. कपाटाच्या जागी तिनं कपडे वाळत घालायचा स्टँड ठेवला. तो कायम तिथंच असतो, कपडे असोत नसोत.

आमच्या भागात मात्र बंदुकीला टाळून जगणं सोपं नाही. पंधरा नोव्हेंबरला, हरणांचा हंगाम सुरू होतो त्या दिवशी, शाळासुद्धा बंद असते. मास्तरच रानात, शिकवणार कोण? डॅरिल आयलीला सात वर्षांची असल्यापासून मचाणावर घेऊन बसायचा. ती मांडीवर गोधडी घेऊन, न हलता, न खोकता बसायची. इतकी चिकाटी मोठ्या माणसांत नसते, असं तो सगळ्यांना सांगत सुटायचा.

त्या महिन्यात आयलीनं आईला न विचारता माझ्यामागे लागून शिकारीच्या सुरक्षिततेचा वर्ग पुरा केला. पहिली आली. जोलीननं माझ्याकडे नुसतं बघितलं. पुढच्या आठवड्यात तिनंच फोन केला. "नुसतं बघायला जाऊ. घ्यायचं असं नाही. तू चल बरोबर."

गॉर्डीचं दुकान गावाच्या टोकाला आहे. आमची बंदुकांची सगळी खरेदी त्याच्याकडे, बाबांच्या तरुणपणापासून. आता सत्तरी ओलांडली त्यानं, पण जीभ अजून पंचविशीतली.

"वय तेरा, वजन चांगलं जेवलेल्या कुत्र्याएवढं," आयलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळत तो म्हणाला.

"गॉर्डी, मी इथंच उभी आहे."

"म्हणून तर बोललो. पाठीमागे बोललो असतो, तर तुझ्या आजोबानं दुकान पेटवलं असतं. इकडे ये. कोपर वाकव."

त्यानं एका रायफलीचा दस्ता, खांद्याला लावायचा भाग, तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवला. बोट चापापर्यंत पोचायला हवं. पोचलं नाही. तशीच खांद्याला लावली, तर दुर्बिणीत बघायला तिला बदकासारखी मान ताणावी लागली. दुसरी काळ्या प्लास्टिकची, पिसासारखी हलकी. आयलीला आवडली, पण गॉर्डीनंच काढून घेतली. "हलकी बंदूक उचलायला बरी, पण लाथ खेचराची मारते. दोन गोळ्यांत पोर डोळे मिटायला शिकतं, आणि मग ते मिटणं जन्मात सुटत नाही." तिसरी गुलाबी होती.

"ही कुठल्या बाहुलीनं परत केली?" आयलीनं विचारलं. मला हसू आवरेना.

जोलीन दाराजवळ, खिशात हात घालून उभी होती. तासभरात ती एक पाऊल पुढे आली नाही. निघताना गॉर्डी हळूच म्हणाला, "काही घाई नाही गं जोलीन. या हंगामाला नाही तर पुढच्या." तिनं मान हलवली. गाडीत बसल्यावर तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. काही बसलंच नाही पोरीला, तर आपण काय करणार?

पण बाबांच्या कानावर हे गेलं. बाबा म्हणजे वाइनो हकाला, चाळीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. डॅरिल गेल्यापासून ते पूर्वीपेक्षा जास्त काम करायचे. लाकडं फोड, छप्पर झाड, शेजारच्या म्हातारीच्या दारातला बर्फ काढ. आमच्या दुकानातल्या फेरीनंतर तीन आठवडे शेडमध्ये त्यांची पॉलिशपेपरची घसघस चालू होती. मग एका रविवारी त्यांनी आम्हाला खडीच्या खाणीत बोलावलं, जिथं सगळं गाव नेम धरायला जातं. गाडीच्या टपावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"खाणीतल्या एका जुन्या दोस्ताची आहे," बाबा म्हणाले. "त्याचा नातू मोठा झाला, त्याला पुरत नाही आता. दस्ता मी नवा केलाय. मेपलच्या लाकडाचा."

दस्ता सुरेख होता. मधासारखा रंग, आणि आखूड, थेट आयलीच्या मापाचा. टू-फोर्टी-थ्री, म्हणजे गोळी लहान, धक्का बेताचा. आयलीनं ती हातात घेतली, एकदा बोल्ट, गोळी नळीत ढकलणारा दांडा, मागेपुढे केला आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मला वाटलं, पोरगी हरखली.

मग तिनं पालथं पडून पाच गोळ्या झाडल्या. अजून दुर्बीण बसवली नव्हती, नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीवरच नेम. बाबा कागद आणायला गेले आणि परत येताना धावत आले, त्या वयात. पाचही भोकं माझ्या तळहाताखाली झाकली गेली.

"खांदा दुखला?" जोलीननं विचारलं.

"नाही. खरंच नाही, आई."

जोलीननं तिची कॉलर सरकवून स्वतः पाहिलं. नुसता लालसर डाग. मग ती उठली आणि, माझा विश्वास बसेना, बाबांच्या गळ्यात पडली. "थँक्यू, वाइनो," म्हणाली. बाबा तिच्या खांद्यावरून खडीकडे बघत राहिले.

दुर्बीण बसवायला आम्ही तिघी ती गॉर्डीकडे घेऊन गेलो. त्यानं दस्त्याचं कौतुक केलं, बाबांना दोन शिव्या घातल्या, त्या वयात असले हात देवानं चुकीच्या माणसाला दिलेत म्हणून. मग रायफल हातात फिरवली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नळीच्या मुळाशी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आणि बोलायचा थांबला.

गॉर्डीचं बोलणं थांबणं ही आमच्याकडे बातमी असते.

"काय झालं?" जोलीननं विचारलं.

"काही नाही. आज दुर्बीण नाही बसायची. स्क्रू नाहीत माझ्याकडे."

"गॉर्डी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मदत मागितल्यासारखं. मला खरोखर काही माहीत नव्हतं. शेवटी त्यानं रायफल काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर फडकं टाकलं. "दुर्बिणीच्या स्क्रूचं इथलं एक भोक मी चुकीचं पाडलं होतं," तो म्हणाला. "तरुण होतो, घाई केली. मग पितळेनं बुजवलं. असं भोक मी आयुष्यात एकाच बंदुकीवर पाडलं. वाइनोनं ती डॅरिलसाठी नेली होती. तो तेरा वर्षांचा झाला तेव्हा."

डॅरिलकडे बंदुका पुष्कळ होत्या. पण शेवटी त्यानं हातात घेतली, ती हीच. आम्हाला सगळ्यांना ते माहीत होतं.

जोलीन आयलीला दाराकडे ओढायला वळली, तर आयली जागची हलली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"खाणीतच कळलं. बोल्ट ओढला तेव्हा. मध्ये थोडा अडकतो आणि मग सुटतो. बाबा मला ओढायला द्यायचे."

"आणि तू तिच्यावर गाल टेकलास? पाच वेळा?"

आयलीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही. "त्यांनी पहिलं हरीण पण हिच्यानंच मारलं होतं, आई. सगळं आयुष्य हिच्याबरोबर हिंडले. तो एकच दिवस का धरून ठेवायचा?"

तिथून आम्ही थेट बाबांकडे गेलो. जोलीननं रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली, बाबांच्या पॅस्टीच्या, म्हणजे मांस-बटाटे भरलेल्या भाजक्या करंजीच्या, ताटलीशेजारी. बाबांनी बघितलं आणि काटा खाली ठेवला.

"दोस्ताचा नातू," जोलीन म्हणाली. "त्याला पुरत नाही आता."

"जोलीन, ऐक पोरी..."

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, वाइनो. मी तुमच्या गळ्यात पडले, आणि तुम्ही पडू दिलंत."

"शेरीफच्या माणसानं विचारलं, नष्ट करू का म्हणून," बाबा म्हणाले. "माझ्या तोंडून हो येईना, घरी आणली. त्याचा हात शेवटचा जिथं लागला, ती वस्तू मी भट्टीत कशी घालू? आणि लोखंडाचा काय दोष गं? त्याला आजारानं नेलं. आजारानं!"

"हो ना? आजारानंच ना?" जोलीनचा आवाज इतका खाली आला की मला पुढे वाकावं लागलं. "मग तो आजार हिच्यात नाही कशावरून? सांगा. तुमच्या बापाचा भाऊ, मग तुमचा लेक. पुढे कोण? मी काय करू, तिच्या खोलीत बंदूक टांगू आणि देवावर भरवसा ठेवू?"

ही भीती आम्ही सगळ्यांनी मनात बाळगली होती आणि एकानंही उच्चारली नव्हती, आणि आता ती उच्चारली गेली ती नेमकी त्या पोरीच्या समोर. आयली भिंतीला टेकून उभी होती. मी तिचा हात धरायला गेले, तिनं सोडवून घेतला.

"तू रोज माझ्या दाराशी थांबतेस," ती आईला म्हणाली. "श्वास ऐकत. मला कळतं. मी मुद्दाम जोरात श्वास घेते, म्हणजे तू झोपायला जाशील."

जोलीन खुर्चीवर बसली.

"मला मरायचं नाहीये, आई. मला रानातल्या शिकारीच्या कॅम्पवर जायचंय. तिथं सगळे बाबांबद्दल बोलतात. मागच्या वर्षी या कार्ला आत्याबरोबर मी नुसती पॅस्टी द्यायला गेले होते, तर तासभर त्यांच्याच गोष्टी. ते बर्फात पडले ती, बूट जळाले ती. आपल्या घरात त्यांचं नावसुद्धा कुणी घेत नाही. दोन वर्षांत तू एकदा तरी घेतलंस?"

जोलीन उठली, पोरीचा कोट घेतला आणि तिला घेऊन निघून गेली. रायफल तिथंच राहिली. बाबांनी पॅस्टी कुत्र्याला घातली.

पुढचे दहा-बारा दिवस दोन्ही घरांतून मला फोन यायचे. बाबा विचारायचे, पोरगी कशी आहे. जोलीन विचारायची, वाइनो जेवतात का. एकमेकांशी बोलत नव्हते. आयलीनं हट्ट धरला नाही, रडली नाही, याचीच जोलीनला जास्त धास्ती. तिनं तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीण आयलीशी बराच वेळ एकटीच बोलली, मग दोघींशी. जोलीननं मला एवढंच सांगितलं, की ती म्हणाली, पोरीशी बोलत राहा, तिला विचारत राहा, आणि घरात बंदूक ठेवायची नाही हे तुमचं बरोबर आहे, त्यात माघार घेऊ नका.

ऑक्टोबर संपत आला तेव्हा जोलीन माझ्याकडे आली. कोटसुद्धा काढला नाही.

"आयलीला दुसरी रायफल घेऊ, ती तुझ्या घरी राहील. कुलपात. बोल्ट काढून माझ्याकडे, म्हणजे ती उडायचीच नाही. रानात ती एकटी बसणार नाही, तू शेजारी. आणि वाइनोंकडची ती बंदूक या जगात राहता कामा नये. हे त्यांना तू सांग, माझ्यानं नाही सांगवणार."

मी सांगितलं. बाबांनी शेडची किल्ली खुंटीवरून काढली. म्हणाले, "तिला यायला सांग. तिच्या डोळ्यांदेखत होऊ दे. नाहीतर परत म्हणेल, म्हाताऱ्यानं लपवली."

शेडमध्ये बाबांनी नळी व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली. मेपलचा दस्ता आधीच काढला होता. हॅक्सॉच्या करवतीनं नळी कापणं म्हणजे खेळ नाही, पोलाद कठीण असतं. निम्म्यावर येईपर्यंत त्यांचा दंड थरथरायला लागला. मी पुढे झाले, तर त्यांनी कोपरानं ढकललं. मग ते आपणच थांबले, करवत तशीच खाचेत ठेवून, आणि कपाळ व्हाइसवर टेकलं. जोलीन दारात उभी होती. ती आत आली, त्यांच्या हातावर हात ठेवला आणि करवत ओढायला लागली. बाबांनी हात काढला नाही. दोघांनी मिळून तिचे तीन तुकडे केले. लोखंडाचा कीस दोघांच्या बाहीवर पडला होता. कुणी क्षमा मागितली नाही. दस्ता बाबांनी सॉनाच्या चुलीत घातला, आणि त्या शनिवारी कुणीच सॉना घेतला नाही.

मग गॉर्डीकडे. या वेळी जोलीन दाराजवळ थांबली नाही. काउंटरशी जाऊन म्हणाली, "दाखवा. आणि मला समजेल असं सांगा."

गॉर्डीनं एक जुनी काढली. सेव्हन-एमएम-झिरो-एट, म्हणजे गोळी थोडी मोठी, अक्रोडाचा दस्ता, आधीच्या मालकानं बायकोसाठी आखूड केलेला, ओरखडे पडलेला. थोडी जडच. "जड आहे तेच बरं," गॉर्डी म्हणाला. "धक्का बंदूकच खाते, पोरीपर्यंत कमी पोचतो." त्यानं आयलीला डोळे मिटून खांद्याला लावायला सांगितलं. "आता उघड. काय दिसतं?"

"दुर्बिणीच्या मधोमध तुमचा तो पुसायचा राहिलेला दिवा."

"बसली," गॉर्डी म्हणाला.

"थांबा," जोलीन म्हणाली. "आधी मी चालवणार."

जोलीननं जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. डॅरिलनं लग्नानंतर कितीदा शिकवतो म्हटलं, ती नाही म्हणायची. खडीच्या खाणीत मी तिला पालथं झोपवलं, गाल कुठं टेकायचा ते सांगितलं. ती चापापर्यंत बोट न्यायची आणि परत काढून घ्यायची, मला वाटलं, नको, थांबवावं. ती म्हणाली, "तिच्या खांद्याला काय बसणार, ते आधी माझ्या खांद्याला कळू दे." आणि झाडली. गोळी कुठं गेली देव जाणे, कागदाला तर लागली नाही. ती बराच वेळ तशीच पडून राहिली, तोंड कोपरात खुपसून. आयली तिच्याशेजारी खडीवर आडवी झाली. मी बाजूला गेले.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आयली आणि मी देवदाराच्या दलदलीकाठी बसलो. उजाडल्यावर एक नर आला, चांगल्या शिंगांचा, पण ऊन वर येईपर्यंत फांद्यांच्या मागेच घोटाळत राहिला. आयलीनं रायफल उचलली, बघितलं, खाली ठेवली. परत उचलली, परत ठेवली. हरीण निघून गेलं.

कॅम्पवर बाबांना राहवलं नाही. "का सोडलंस? मी असतो तर..."

"मध्ये फांदी होती, आजोबा. लागलं असतं पण मेलं नसतं."

बाबांनी आपल्या ताटलीतली पॅस्टी तिच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या शनिवारी तिला लहान नर मिळाला. एकाच गोळीत पडला नाही, रक्ताच्या थेंबांवरून आम्हाला दलदलीत बरंच आत जावं लागलं. आयली पुढे, न बोलता, बर्फात वाकून. सापडला तेव्हा तो मेलेला होता. तिनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि हमसून हमसून रडली. तशी ती डॅरिलच्या अंत्यविधीलाही रडली नव्हती. मी तिला हलवलं नाही.

जोलीन त्या दिवशी कॅम्पवर आली होती, लग्नानंतर पहिल्यांदा. म्हाताऱ्यांनी तिला चुलीजवळची जागा दिली, आणि सवयीप्रमाणे डॅरिलच्या गोष्टी सुरू झाल्या. मग एकाला भान आलं आणि तो मध्येच थांबला. जोलीन म्हणाली, "सांगा ना, का थांबलात?" ती शेवटपर्यंत बसून ऐकत होती. हसली नाही. मध्येच उठून बाहेर गेली, थोड्या वेळानं परत आली, डोळे धुतलेले.

निघताना गाडीजवळ मी बोल्ट काढून तिच्या हातात ठेवला. तिनं तो कोटाच्या आतल्या खिशात टाकला. आयली मागच्या सीटवर बूट घालूनच झोपली होती.

"पुढच्या वर्षी परत यायचं म्हणेल ही," जोलीन म्हणाली.

"म्हणेलच."

तिनं गाडी सुरू केली, काच वर घेता घेता थांबली. "मला अजून बरं वाटत नाही, कार्ला. तू समजू नकोस की मला बरं वाटलं."

"नाही समजत," मी म्हटलं.